तासाला सव्वादोन किलोमीटर

'मराठी विभागासाठी काहीतरी लिही ना' असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा आधी मला हसूच आलं. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट. मराठीच्या पेपरात निबंध म्हटला की 'माझा आवडता प्राणी' याच्यापुढे आमची गाडी जायची नाही, आणि तो प्राणी दरवर्षी गायच असायची. पण गेल्या दीड वर्षात माझं मराठी बरंच सुधारलं आहे. ते सुधारलं गॅरेजमध्ये. पाटा, पान्हा, आटे, छन्नी, सूत... सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मेकॅनिकलला ॲडमिशन घेईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा या लेखातले शब्द कुठे तेलकट लागले तर समजून घ्या.

विषय गाडीचा आहे. आम्ही चौघांनी मिळून माझ्या चुलत्यांची जुनी जीप दगडांवर चढणारी केली. होस्टेलवर हे कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'किती पळते?' एमएच-१० वाले विचारतात, आम्ही एमएच-११ वाले विचारतो, आणि कराडचे एमएच-५० वाले आधी स्वतःची बुलेट किती पळते ते सांगून मग विचारतात. मी खरं ते उत्तर देते, 'तासाला सव्वादोन किलोमीटर.' मग समोरचा माझ्याकडे असा बघतो, जणू मेसच्या आमटीत त्याला डाळ सापडली!

पण हा सव्वादोनचा आकडा आणायला आम्हाला दीड वर्ष लागलं. म्हणून तो नीट समजावून सांगते.

अशा गाडीला रॉक क्रॉलर म्हणतात. क्रॉल म्हणजे रांगणं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात रुबिकॉन ट्रेल नावाची एक वाट आहे. लांबी साधारण ३५ किलोमीटर, म्हणजे सातारा-कराड अंतरापेक्षाही कमी. पण ही वाट म्हणजे नुसती दगडांची रास. १९५३ पासून तिथे जीपवाल्यांचा मेळा भरतो आणि एवढीशी वाट पार करायला लोक दोन-दोन दिवस घेतात. जीप कंपनीनं पुढे आपल्या एका मॉडेललाच रुबिकॉन हे नाव दिलं. २००७ साली आलेल्या रुबिकॉनचं गणित बघा. पहिला गिअर ४.४६, ट्रान्सफर केसचा लो गिअर ४ आणि ॲक्सलमधलं गुणोत्तर ४.१०. तिन्हींचा गुणाकार येतो सुमारे ७३. म्हणजे इंजिन ७३ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. इंजिन ७०० आरपीएमवर नुसतं गुरगुरत असेल तर चाक मिनिटाला साडेनऊ फेरे घेईल. ३२ इंची टायर धरला तर वेग होतो तासाला दीड किलोमीटर. माणूस आरामात चालला तरी तासाला पाच किलोमीटर जातो!

वेग ७३ पटीनं कमी झाला, पण घर्षणात जाणारं सोडलं तर टॉर्क ७३ पटीनं वाढला. दगडावर चढायला हाच लागतो. वेगात दगडाला भिडलात तर काहीतरी मोडतं. हळू भिडलात तर टायर दगडाला चिकटतो, दबतो, आणि गाडीला उचलून वर घेतो. आपण सगळे इंजिनिअरिंगला येतो ते काहीतरी जोरात पळवायला. हळू चालवण्याचंही एक इंजिनिअरिंग असतं, आणि ते जास्त अवघड असतं, हे मला या गाडीनं शिकवलं.

हे झालं अमेरिकेचं. पण स्वतःच्या हातानं गाडी बनवायची हे वेड माझ्या डोक्यात शिरलं ते सांगली जिल्ह्यातल्याच एका माणसामुळे. डिसेंबर २०२१. मी तेव्हा अकरावीत होते. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ मध्ये झाला ते हेच देवराष्ट्रे. लोहारकाम करणाऱ्या या माणसानं मुलाची हौस पुरवायला भंगारातल्या सामानातून एक छोटी जीप बनवली होती. खर्च सुमारे ६० हजार रुपये. स्टिअरिंग डाव्या बाजूला, आणि सुरू करायची ती स्कूटरसारखी किक मारून! २१ डिसेंबरला आनंद महिंद्रा यांनी तो व्हिडिओ पाहून लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नाही, पण या माणसाच्या कल्पकतेला आपण दाद देतो. नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या ती रस्त्यावरून बंद होईल, म्हणून तिच्या बदल्यात आपण त्यांना बोलेरो देऊ. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाच्या हाती बोलेरोच्या किल्ल्या आल्या. त्यांची जीप कंपनीच्या चेन्नईजवळच्या महिंद्रा रिसर्च व्हॅलीत इतरांना बघण्यासाठी ठेवू, असं जाहीर झालं होतं.

त्या बातमीवर आमच्या घरी दोन तट पडले. आई म्हणाली, नशीब काढलं. आबा (म्हणजे माझे थोरले चुलते) म्हणाले, 'बोलेरो चांगलीच हाय. पर स्वतःच्या हातानं केलेली गाडी दारातनं जाताना बघायची म्हणजे...' आणि वाक्य तिथेच सोडून ते उठून गेले. ते अर्धं वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

या मातीत हे नवीन नाही म्हणा. देवराष्ट्र्यापासून जवळच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर काढले. लोखंडानं जमीन नासते असं समजून सुरुवातीला शेतकरी त्या नांगराला हात लावायला तयार नव्हते. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगलीत. तेव्हा एमएच-१० आणि एमएच-११ च्या भांडणात हे एक लक्षात असू द्या.

आता आमच्या जीपकडे येते. आबांची महिंद्रा एमएम-५४०, प्यूजोचं डिझेल इंजिन, फोर बाय फोर. आबांनी ती सेकंडहँड घेतली आणि सतरा वर्षं वडाप केलं. सातारा, परळी, ठोसेघर. वडाप म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. जीपमध्ये बसतात किती हा प्रश्नच नसतो, लटकतात किती हे बघायचं असतं. बाजारच्या दिवशी कोंबड्या वेगळ्या. या सतरा वर्षांत आबांच्या गाडीतल्या एकाही माणसाला खरचटलं नाही, आणि आबा हे जेवताना, लग्नात, कीर्तनाला, कुठेही सांगतात. पुढे त्यांचा डावा गुडघा गेला. क्लच दाबता येईना. गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली ती दहा-बारा वर्षं तिथेच. कागदपत्रांची मुदत संपली, कोंबड्यांनी मागच्या सीटवर संसार मांडला. भंगारवाला दोनदा येऊन भाव करून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा चुलतभावाची फी भरायची होती आणि घरात सगळ्यांचं मत 'देऊन टाका' असंच होतं.

मी सेकंड इयरच्या सुट्टीत होते. म्हटलं, आबा, मला द्या. मी हिचं काहीतरी करते. भंगारवाल्यानं जेवढे देऊ केले तेवढे बाबांनी आबांना दिले (मला सांगितलं, हे तुझ्या वाढदिवसांचे पुढचे दहा वर्षांचे) आणि गाडी माझ्या ताब्यात आली. आबांनी अट एकच घातली. 'पोरी, हिच्यात कुणाला लागता कामा नये. आधी थांबाय पायजे, मग चालाय पायजे.'

होस्टेलवर येऊन मी टीम जमवली. आम्ही चौघं, त्यातली एक माझी कडेगावकडची रूममेट. साताऱ्यातल्या एका गॅरेजच्या मिस्त्रीकाकांनी जागा आणि अक्कल दोन्ही देऊ केलं. ते आधी मला 'मॅडम' म्हणायचे. मी इंजिनखालून काळीकुट्ट होऊन बाहेर आले त्या दिवसापासून 'ताई' म्हणायला लागले. सुट्टीत साताऱ्यात काम, आणि सेमिस्टर चालू असताना लेथवरचं जे काही असेल ते कुपवाड एमआयडीसीत, असा हिशेब ठरला.

पहिलं भांडण टायरवरून. आमच्यातल्या एकाला ३५ इंचीच हवे होते, कारण फोटोत तेच शोभतात. मूळ जीपला सहा-सोळाचे टायर, बाहेरून साधारण २८ इंच. मी मेसच्या टेबलावर हिशेब मांडला. टायर ७ इंचांनी वाढला तरी ॲक्सल जमिनीपासून वर येणार साडेतीन इंचच, कारण धुरा चाकाच्या मध्यात असतो. त्या साडेतीन इंचांसाठी किंमत काय? त्रिज्या सव्वापट झाली. तोच टॉर्क आता जमिनीला पाचव्या हिश्श्यानं कमी जोर देणार. तेवढाच जोर हवा असेल तर ॲक्सल शाफ्टवर सव्वापट पीळ येणार. शिवाय जड चाक थांबवायला ब्रेक जास्त लागणार, ते वळवायला स्टिअरिंगच्या सांध्यांवर भार येणार. म्हणजे टायर बदलला की ॲक्सल बदला, ॲक्सल बदलला की गिअर बघा, गिअर बघितला की प्रोपेलर शाफ्ट... जोर कुठेही मुरत नाही, तो पुढच्या पार्टाकडे सरकतो. आणि ज्या पार्टाकडे आपण लक्ष दिलं नाही, तिथेच बाहेर पडतो. सगळ्या मशीन डिझाइनच्या पुस्तकाचं सार मला या एका टायरमध्ये मिळालं. शेवटी ३१ इंचांवर तह झाला.

मग ॲक्सल. भंगार बाजारात एका छोट्या ट्रकचा मागचा ॲक्सल मिळाला. फुल फ्लोटिंग. त्याचा अर्थ असा, की गाडीचं वजन बाहेरचं हाउसिंग उचलतं आणि आतल्या शाफ्टला फक्त चाक फिरवायचं काम. सेमी फ्लोटिंगमध्ये शाफ्टला दोन्ही करावं लागतं, म्हणजे डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईनं जात्यावर दळणही दळायचं. फुल फ्लोटिंगमध्ये शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. आम्ही खूश! पण मिस्त्रीकाकांनी खिशातून खडू काढला. ड्रमवर एक रेघ, पिनियनच्या तोंडावर एक रेघ. दोन्ही चाकं एकदम एक फेरा फिरवायला लावली आणि स्वतः पिनियनचे फेरे मोजले. मग जीपच्या पुढच्या ॲक्सलला तेच केलं. दोन आकडे वेगळे आले. 'न्हाई जमायचं,' म्हणाले.

कारण सोपं आहे. लो गिअरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगानं फिरतो. दोन्ही ॲक्सलचं गुणोत्तर वेगळं असेल तर पुढची चाकं एका वेगानं जाऊ म्हणणार, मागची दुसऱ्या. मातीत एखादं चाक घसरून सुटका तरी करून घेईल. दगडावर चाक घसरत नाही, मग तो ताण गिअरमध्ये साठत जातो आणि दात उडतात. ज्याला कॅलक्युलेटर घेऊन दात मोजावे लागतील असं मला वाटत होतं, ते काम दोन पैशांच्या खडूनं पाच मिनिटांत झालं! पुढे तीन महिने शोधून एका निकाली निघालेल्या फोर बाय फोरचे पुढचे-मागचे ॲक्सल जोडीनं मिळाले. जोडी पुन्हा खडूनं तपासली. मगच पैसे दिले. पाटे बसवायच्या गाद्या कापून नव्या जागी वेल्ड केल्या, बुशिंग कुपवाडला करून आणले, अर्धा सूतसुद्धा इकडेतिकडे चालणार नाही म्हणून तीनदा परत पाठवले.

आता सगळ्यात मोठा प्रश्न होता डिफरन्शियलचा. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं, आतलं कमी, म्हणून डिफरन्शियल. रस्त्यावर ते वरदान. दगडावर मात्र एक चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरत राहतं आणि जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर मिळतो. जोडीतला एक बैल जू टाकून मोकळा झाला की दुसरा काय ओढणार? माझी रूममेट हसून म्हणाली, 'यात काय एवढं? आमच्या ट्रॅक्टरला पेडल असतंय की. ऊस भरलेली ट्रॉली चिखलात बसली की टाचेनं दाबायचं. दोन्ही चाकं एकदम ओढत्यात.' म्हणजे ज्याला अमेरिकेत लॉकर म्हणतात आणि ज्याच्यासाठी लोक हजारो रुपये मोजतात, ते तिच्या वडिलांच्या टाचेखाली कैक वर्षं होतं.

आम्हाला लॉकर परवडणारा नव्हता. स्वस्तातला उपाय एकच, मागच्या डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर एकमेकांना वेल्ड करून टाकायचे. दोन्ही चाकं कायमची एक. दगडावर उत्तम. पण डांबरी रस्त्यावर अशी गाडी वळताना टायर घासते, शाफ्टला पिळते, आणि वेगात धोकादायक होते. म्हणजे वेल्डिंगची कांडी एकदा टेकवली की ही गाडी रस्त्याची राहणार नाही.

कायद्यानंही ती राहणार नव्हतीच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, हा कायदा म्हणजे कल्पकतेच्या गळ्याला फास. मला तसं वाटत नाही. आपल्याकडची बाहा टीम विचारा. बाहा एसएई इंडिया स्पर्धा २००७ पासून होते, देशभरातली कॉलेजं स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन येतात. तिथे चार तासांची एन्ड्युरन्स रेस सगळ्यांना आठवते, पण त्याआधी ब्रेक टेस्ट असते. चारही चाकं लॉक होऊन गाडी थांबली पाहिजे. नाही थांबली तर पुढे पळायचंच नाही. आबा सातवी शिकलेत आणि त्यांनी स्पर्धेचं नियमपुस्तक बघितलेलं नाही, पण 'आधी थांबाय पायजे' हेच त्यांनीही सांगितलं होतं. म्हणून आमच्या गाडीत सगळ्यात आधी नवे झाले ते ब्रेक, मग डोक्यावरचा पाइपांचा पिंजरा, मग सीटचे पट्टे, आणि मग बाकी सगळं. रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसानं आपल्या हौसेचा धोका का घ्यावा?

तरी मिस्त्रीकाका वेल्डिंगला हात लावेनात. 'ताई, गाडी कुणाची?' म्हणाले. 'माझी.' 'कागदावर कुणाची?' मी गप्प. कागदावर आबा.

आबा दुसऱ्या दिवशी परळीहून एसटीनं आले. गुडघ्याला पट्टा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आरसी बुक. उघडलेला डिफरन्शियल बराच वेळ बघितला. मग विचारलं, 'हे जोडलं की ही परत सातारला येणार न्हाई?' मी म्हटलं, 'नाही आबा. आपल्या रानातच फिरेल.' ते म्हणाले, 'मग नंबर तरी कशाला ठेवायचा तिच्या अंगावर?' नोंदणी रद्द करण्याचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, सगळीकडे स्वतः गेले, गुडघा धरून जिने चढले. मी बरोबर होते, पण मला एकही कागद धरू दिला नाही. आरटीओचं काम झाल्यावर पाटीचे दोन स्क्रू त्यांनीच काढले. ती एमएच-११ ची पाटी आता आमच्या ओसरीवर, पणजोबांच्या फोटोच्या खाली आहे. आईला ते आवडलेलं नाही. कुणी काढायला मात्र धजत नाही.

मग मिस्त्रीकाकांनी चष्मा चढवला आणि कांडी टेकवली.

आता मागची दोन्ही चाकं एक झाल्यावर शाफ्टवर आणखी भार येणार, म्हणजे काहीतरी तुटणारच. प्रश्न असतो काय तुटावं हा. क्राऊन-पिनियन तुटलं तर अख्खा ॲक्सल उघडा, आणि पार्ट मिळेलच असं नाही. म्हणून आम्ही प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस मुद्दाम लहान ठेवला. तो स्वस्त, हाताला येणारा, अर्ध्या तासात बदलता येणारा. घरातल्या फ्यूजसारखा. दोन क्रॉस आणि लागणारे पान्हे कायम सीटखाली असतात.

गाडी दुसऱ्या गाडीवर लादून गावी आणली. (कासला का नेली नाही, असं पुष्कळ जण विचारतात. तिथल्या सड्यावर जांभ्यावर चार बोटं माती असते आणि त्या मातीत ती फुलं येतात. टायर एकदा फिरला की संपलं. २०१२ पासून तो जागतिक वारशाचा भाग आहे, पण नसता तरी नेली नसती.) सज्जनगडाच्या पायथ्याकडच्या आमच्या रानातून एक ओढा जातो. उन्हाळ्यात कोरडा, आणि म्हशीएवढाले काळे दगड. चारही टायरची हवा चौदा पौंडांवर आणली, म्हणजे टायर बसका होऊन दगडाला जास्त जागा धरतो. आधी मिस्त्रीकाका, मग मी. पुढे एक जण उलटा चालत हातानं दिशा दाखवतो, आणि चालवणाऱ्यानं फक्त त्याच्या हाताकडे बघायचं. एका जागी मागचं डावं चाक फूटभर हवेत गेलं. साध्या जीपचं तिथेच संपलं असतं. आमची गाडी क्षणभर विचार केल्यासारखी थांबली, उजव्या चाकानं दगड धरला आणि ती वर आली. आम्ही एवढे ओरडलो की शेजारच्या रानातली माणसं धावत आली.

आबा झाडाखाली खाटेवर बसले होते. मी जाऊन म्हटलं, 'चला, तुम्ही चालवा.' ते म्हणाले, 'आगं क्लच दाबत न्हाई पाय.' मी म्हटलं, 'क्लच लागतच नाही.'

हे मला त्या क्षणी सुचलं नव्हतं. मेसच्या टेबलावर गुणाकार करताना मी आमच्या गाडीचा आकडा काढला होता, अठ्ठेचाळीस. इंजिन ७०० वर, टायर ३१ इंची, वेग तासाला सव्वादोन. एवढ्या खालच्या गिअरमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवूनच स्टार्टर मारता येतो, ती तशीच पुढे निघते. ॲक्सिलरेटर नको, क्लच नको. थांबायला डॅशबोर्डची नॉब ओढून इंजिन बंद करायचं, गिअरमध्येच असल्यानं गाडी तिथेच धरून राहते. वर हँडब्रेक आहेच. म्हणजे दोन हात आणि एक उजवा पाय असला की पुरे. हे कागदावर दिसलं त्या रात्री मी कुणाला काही बोलले नव्हते.

आबांना आम्ही दोघांनी धरून आत बसवलं, पट्टा लावला. त्यांनी आधी ब्रेक दाबून बघितला. दोनदा. मग किल्ली फिरवली. गाडीनं एक झटका घेतला आणि चालायला लागली. मी बाजूनं पायी चालत होते, आणि मला थांबून थांबून चालावं लागत होतं, एवढी ती हळू. आबा बारा वर्षांनी स्टिअरिंगवर बसले होते. पण हात विसरले नव्हते. पहिल्या दगडावर चाक चढताना त्यांनी अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर काढून ठेवले, कारण दगडावर स्टिअरिंग उलटं फिरलं तर अंगठा मोडतो. हे आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. साठेक फुटांचा ओढा. दोन वेळा थांबून, चार-पाच मिनिटांत ते पलीकडे गेले. नॉब ओढली. इंजिन बंद झाल्यावर एकदम एवढं शांत वाटलं, की टायरखाली सरकलेला खडा ऐकू आला.

मला वाटलं आता आबा सतरा वर्षांची गोष्ट सांगणार. ते म्हणाले, 'वडापला टाइम गाठायचा म्हणून जीव खाऊन पळवली हिला. एवढं हळू कधी चालवायच मिळालं न्हाई.'

तेव्हापासून क्रॉस दोनदा तुटला आहे. दोन्ही वेळा फक्त क्रॉसच, बाकी कशाला धक्का नाही. दुसऱ्या वेळी तो मी एकटीनं बदलला, आबांनी बॅटरी धरली. ज्युनिअर्सपैकी कुणाला बघायला यायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीत या. साताऱ्याहून ठोसेघरची एसटी, आणि परळीच्या पुढे उतरून कुणालाही आबांची जीप विचारा. जुने कपडे घालून या, खडू आणा. मिस्त्रीकाकांचा आता संपत आलाय.